आमच्यात तसं नसतं

पंगत बसली होती. पानावर मीठ आलं, लिंबू आलं, चटणी-कोशिंबीर आली. वाढपी भाताची मूद घालून तुपाची वाटी कलती करणार, एवढ्यात भाऊकाकांनी त्याचं मनगट धरलं. हलकेच, वैद्याने नाडी बघावी तसं.

"आमच्यात आधी वरण, मग तूप."

वाढपी कंत्राटदाराचा माणूस. त्या मुहूर्तावरचं त्याचं हे दुसरं कार्यालय. तो म्हणाला, "काका, पोटात गेल्यावर सगळं एकच होतंय की."

"पोटातलं नाही विचारत मी. पानातलं सांगतोय."

मागे वरणवाला होता, त्याच्या मागे मठ्ठेवाला. सगळी रांग थांबली. समोरच्या ओळीतल्या दीडशे माणसांचा भात भाऊकाकांच्या एका मनगटापायी कोरडा राहिला. शेवटी वरणवाल्याला ओळ मोडून पुढे बोलावण्यात आलं, आधी वरण पडलं, मग तूप पडलं, आणि भाऊकाकांनी चित्राहुती घातल्या. त्याही पानाच्या उजवीकडे. का, ते विचारायचं नसतं. त्यांच्यात असतं.

भाऊकाका माझ्या बायकोचे सख्खे काका. पण असा माणूस फक्त माझ्याच सासरी आहे असं मी समजत नाही. तो प्रत्येक घराण्यात एक असतोच. कुठे काका, कुठे मोठी जाऊ, कुठे लग्न होऊन आलेली असूनही माहेरच्यांपेक्षा सासरची झालेली काकू. त्याची खूण एकच. त्याच्या वाक्याची सुरुवात 'आमच्यात'ने होते. भाऊकाकांच्या 'आमच्यात'ला तीन विभक्त्या आहेत. 'आमच्यात नसतं' ही बंदी. 'आमच्यात असतं' ही सक्ती. आणि तिसरी, क्वचित आणि स्वतःपुरती वापरायची, 'आमच्यात चालतं'. उपासाला भेंडी त्यांच्यात चालते. भाऊकाकांना भेंडी आवडते, हा निव्वळ योगायोग.

त्यांच्याकडे लाल खारव्याच्या बांधणीची एक वही आहे. तिच्यात तीन रकाने आहेत: क्रमांक, आचार आणि शास्त्रीय कारण. पहिले दोन रकाने त्यांच्या वडिलांच्या हातचे, बोरूच्या वळणाचे. तिसरा भाऊकाकांनी निवृत्त झाल्यावर स्वतः आखला आणि बॉलपेनने भरला. गेल्या गणपतीपर्यंत वहीत त्रेसष्ट आचार होते, आणि त्रेसष्टांच्याही पुढे कारण होतं. कारण सापडलं नाही म्हणून रकाना रिकामा, असं एकदाही झालेलं नाही. विज्ञानाच्या कुठल्याही शाखेला हा पल्ला अजून गाठता आलेला नाही.

मी तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं. दरवर्षी उत्क्रांतीचा धडा आला की पहिल्या तासाला फळ्यावर लिहायचो, 'जात म्हणजे काय?' मागच्या बाकांवर खसखस पिकायची, एखादा पोरगा "सर, दाखल्यावरची की खरी?" असं विचारायचा, आणि मी अर्न्स्ट मायर यांच्याकडे वळायचो. मायर यांनी १९४२ साली जाडजूड पुस्तक लिहून सांगितलं की जीवांची जात दिसण्यावरून ठरवायची नाही. जे आपसांत जोड्या जमवतात आणि ज्यांचा बाहेरच्यांशी तसा संबंध येत नाही, किंवा आला तरी वंश पुढे चालत नाही, ती एक जात. व्याख्या पाठ होता होता पोरांची सहामाही यायची. भाऊकाकांची ओळख झाल्यावर मला कळलं की ही अख्खी व्याख्या मराठीत एका शब्दात मावते. आमच्यात.

मायर यांचं पुढचं म्हणणं असं की नवी जात घडायला बहुतेक वेळा मधे काहीतरी आडवं यावं लागतं. डोंगर, दरी, समुद्र. एकाच घरातले दोन भाऊ दोन्ही तीरांवर अडकतात, येणं-जाणं खुंटतं, आणि हजारो पिढ्यांनी समोरासमोर आले तर एकमेकांना ओळखत नाहीत. आपल्या सह्याद्रीत ही गंमत पावलोपावली आहे. बेडूक-भेक मंडळींना एक कोरडा उतार म्हणजे सातासमुद्रापार. कोयनेच्या बाजूला एक भेक आहे, त्याची नोंद १९६३ साली झाली. त्याचाच भाऊबंद आंबोलीच्या जांभ्या कातळावर राहतो, त्याला २००९ साली स्वतंत्र नाव मिळालं. दोघांचं कुळ एक, पण आंबोलीचा आंबोलीतच आणि कोयनेचा कोयनेकडेच. दोघांना बोलता येत असतं तर पहिलं काय बोलले असते हे मी सांगायला नको.

भाऊकाकांची मूळ वाडी खाडीपलीकडे, सड्याच्या टोकाला. गावात जायचं तर तरीने, आणि पावसाळ्यात तर बंद. पुढे पूल झाला, पण तोवर वाडीचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. घराण्याची एक फांदी तिकडे इंदूरला गेली. तिसऱ्या पिढीत भाऊकाका त्यांच्याकडे मुंजीला गेले आणि दोन दिवसांत परत आले. का, तर त्या लोकांनी वरणभातावर शेव भुरभुरली. शिवाय यजमान सगळ्यांसमोर म्हणाले, "मी वाढून राहिलो, तुम्ही जेवून घ्या." भाऊकाका स्टेशनवर केळी खाऊन गाडीत बसले. मी वर्गात सांगायचो की दोन गट पुन्हा भेटल्यावर मिसळतात की नाही, ही जातीची खरी परीक्षा. इंदूरचा निकाल लागला होता.

आता वहीतला आचार क्रमांक एक. गणपतीच्या पाच दिवसांत फोडणीला मोहरी नाही.

जिरं चालतं, हिंग चालतो, मेथ्यासुद्धा चालतात. मोहरी नाही. त्या पाच दिवसांत घरातला मोहरीचा डबा वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर जातो. तिसऱ्या रकान्यात लिहिलं आहे: 'मोहरी उष्ण. भाद्रपदात पित्त प्रकोपते. पूर्वजांची दूरदृष्टी.' श्रावणात आणि आश्विनात पूर्वजांना पित्ताची फिकीर नव्हती का, असं मी एकदा विचारलं होतं. भाऊकाका म्हणाले, "जावईबापू, शंका घेणं सोपं असतं."

बऱ्याच वर्षांपूर्वी एकदा गणपतीला आम्ही सगळे वाडीवर गेलो. भाऊकाकांची आत्या तिथे असते, तेव्हा नव्वदीला टेकलेली, ऐकू कमी पण आठवण चोख. ती मागच्या पडवीत अळूची देठं सोलत बसली होती. खाज येऊ नये म्हणून बोटांना खोबरेल चोपडलेलं, देठाची साल नखाने धरून एका ओढीत खालपर्यंत काढायची आणि सालींची जुडी बाजूला लावून ठेवायची. मी उगाच बोलायला विषय काढावा म्हणून म्हटलं, "आत्याआजी, फदफद्याला मोहरी का नाही हो?"

ती म्हणाली, "सापडली नाही म्हणून."

मग तिने जे सांगितलं ते असं. वाडीत आधी अकरा घरं होती. १९१८ साली मानमोडीची साथ आली. इन्फ्लुएन्झा हा शब्द खाडी ओलांडून आलाच नाही. माणसं मान टाकत होती म्हणून मानमोडी. दिवाळीपर्यंत अकरांतल्या तीनच घरी चुली पेटत होत्या. भाऊकाकांच्या घरातली वडीलधारी बाई गेली, आणि मागे राहिली तेरा-चौदा वर्षांची नवी सून. तीच ही आत्याची आई, म्हणजे भाऊकाकांची आजी. दुसऱ्या वर्षी गणपती आले. नैवेद्य तिलाच करायचा. फोडणीला तेल तापलं आणि तिच्या लक्षात आलं की मोहरी कुठे असते हे सासूने सांगितलंच नव्हतं. सासूने ती माजघरातल्या उतरंडीच्या अगदी तळाच्या गाडग्यात ठेवलेली. सात गाडग्यांची उतरंड उतरवायची तिची छाती झाली नाही. तिने जिरं घातलं.

"मग शिमग्याला उतरंड काढली तेव्हा मिळाली," आत्या म्हणाली. "पण पुढल्या गणपतीला आई फोडणीला मोहरी घालायला गेली तर आजोबा म्हणाले, राहू दे. वर्षभर घरात कोणी दगावलं नाही. आहे तसंच कर."

मी विचारलं, "आणि बाकीची दोन घरं?"

"एका घरी बाईमाणूसच उरलं नव्हतं. दोघे भाऊ. त्यांचा नैवेद्य आईच करायची."

"तिसऱ्या घरी तर म्हातारी होती ना?"

"होती की. तिने बघितलं, दोन्ही घरी मोहरी नाही. तिला वाटलं, आपलंच चुकतंय. म्हातारपणी विसर पडला असेल." आत्याने पुढचं देठ उचललं. "तिने पण सोडली."

मी तिथेच पडवीच्या पायरीवर बसलो. तीस वर्षं मी हा धडा शिकवला आणि मला एवढं नीट उदाहरण एकदाही सुचलं नव्हतं.

पाठ्यपुस्तकात याला 'जनुकीय विचलन' म्हणतात. नाव ऐकून पोरं वही मिटायची, म्हणून मी खिशातून नाणं काढायचो. दहा वेळा उडवलं तर सात किंवा जास्त वेळा छापा येणं ही काही मोठी गोष्ट नाही. साधारण सहांतून एकदा ते होतंच. शंभर वेळा उडवून सत्तर किंवा जास्त छापे येणं मात्र पंचवीस हजारांत एकदा. नाणं तेच, हात तोच. फरक फक्त किती वेळा उडवलं याचा. पिढीमागून पिढी गुणधर्म पुढे जातात तेही असंच. कळप मोठा असेल तर चुका एकमेकींना फेडून टाकतात. कळप लहान असेल तर एक चूक म्हणजे एक तृतीयांश लोकमत.

१९५६ साली पीटर ब्युरी यांनी फळमाश्यांवरचा असाच एक प्रयोग प्रसिद्ध केला. एकशेसात वसाहती. प्रत्येकीत आठ नर, आठ माद्या. डोळ्यांच्या रंगाची दोन जनुकं सुरुवातीला प्रत्येक वसाहतीत निम्मी-निम्मी. दर पिढीला जी पिलं होतील त्यांतून न निवडता पुन्हा आठ नर, आठ माद्या पुढे पाठवायच्या. खाणं तेच, हवा तीच, कोणाला कुठलाही लाभ नाही. एकोणीस पिढ्यांनंतर बघितलं तर तीस वसाहतींतून एक रंग साफ नाहीसा झाला होता आणि अठ्ठावीस वसाहतींत नेमका तोच एकटा उरला होता. ज्या वसाहतीत तो उरला तिथल्या माश्यांना वही असती, तर त्यांनी तिसऱ्या रकान्यात काय लिहिलं असतं?

सुअल राइट या अमेरिकन गृहस्थांनी १९३०च्या आसपास हा योगायोगाचा हिशेब मांडला, तेव्हा इंग्लंडचे रोनाल्ड फिशर त्यांच्यावर उखडले. फिशर यांचं म्हणणं, निसर्ग निवडून घेतो तेच महत्त्वाचं, लहान कळपांचे हे खेळ किरकोळ. दोघांचं आयुष्यभर जमलं नाही. मला स्वतःला फिशर यांच्यात भाऊकाका दिसतात. प्रत्येक गोष्टीला कारण हवंच. पुढे जपानच्या मोतो किमुरा यांनी १९६८ साली सांगितलं की रेणूंच्या पातळीवरचे बहुतेक बदल धड उपयोगाचे नसतात, धड अपायाचेही नसतात. ते नुसते नशिबाने टिकतात. आणि अशा बदलाची सगळीकडे पसरायची शक्यता किती, तर आज त्याचा जेवढा वाटा, तेवढीच. खाडीअलीकडच्या तीनशे घरांच्या गावात एका सुनेची मोहरी हरवली असती तर तीनशेंत एक. वाडीत तिनांत एक.

हे मी रात्री भाऊकाकांना सांगितलं. मोहरी, उतरंड, म्हातारी, माश्या, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "आत्याला आता नीट आठवत नाही." थोडं थांबून, "आणि उतरंडीच्या तळाशी मोहरी ठेवण्यामागेही काहीतरी शास्त्र असणारच. गारवा वगैरे." दुसऱ्या दिवशी वही उघडलेली मी पाहिली. आचार क्रमांक बासष्ट: मोहरी उतरंडीच्या तळाशी ठेवणे.

मोहरीचं ठीक आहे, ती जनुकांत नसते. माळ्यावरून डबा काढला की परत येते. पण भाऊकाकांच्या घराण्याची करंगळी जनुकांतच आहे. सगळ्यांची करंगळी शेवटच्या पेरापाशी आत वळलेली, अनामिकेच्या कानात काही सांगत असल्यासारखी. माझ्या बायकोची आहे, मुलाचीही आली. भाऊकाका लग्नात कोणाची ओळख करून घेताना आधी हात बघतात. त्यांच्या मते पूर्वज पेशव्यांच्या दप्तरात कारकून होते आणि कागदावर करंगळी टेकून टेकून ती पिढ्यान्‌पिढ्या वळत गेली.

"काका, हे लामार्कचं झालं," मी म्हटलं. "१८०९ साली त्याने असंच सांगितलं होतं, की बापाने कमावलेलं पोरात उतरतं. तसं असतं तर लोहाराची पोरं दंड घेऊनच जन्मली असती. आणि लिहिणारा हात उजवा. डाव्या हाताची करंगळी का वळली?"

"डाव्या हाताने पैसे मोजायचे," भाऊकाका म्हणाले.

खरी गोष्ट एवढीच असणार की उरलेल्या तीन घरांपैकी दोन घरांत ही करंगळी होती, आणि नंतरची सोयरीक बराच काळ तिनांतल्या तिनांत फिरली. साथीने करंगळ्या बघून माणसं नेली नव्हती. सुदैवाने वाटणीला करंगळी आली. प्रशांत महासागरात पिंगेलॅप नावाचं एक चिमुकलं बेट आहे. १७७५च्या सुमारास तिथे वादळ झालं, पाठोपाठ दुष्काळ, आणि सारी मिळून वीसेक माणसं वाचली. त्यांतल्या एकाच्या अंगात एक दडलेलं जनुक होतं. काही पिढ्यांनी बेटावर अशी मुलं जन्मू लागली ज्यांना रंगच दिसत नाहीत आणि दिवसाच्या उजेडात डोळे उघडवत नाहीत. इतरत्र तीस-चाळीस हजारांत एखाद्याला होणारी ही व्याधी तिथे वीस माणसांत एक-दोघांना असते. हे मी भाऊकाकांना सांगितलं नाही. ते म्हणाले असते, "त्यांच्यात असेल."

मग सुमीच्या लग्नाचं निघालं. सुमी भाऊकाकांची धाकटी, माझी विद्यार्थिनीही. भाऊकाकांनी स्थळांना चाळणी लावली. जिल्ह्याबाहेरचं नको. जिल्ह्यातलं पण खाडीच्या अलीकडचं नको. पलीकडचं पण सड्याखालचं नको. दीड दिवसाचा गणपतीवाले नकोत, दहा दिवसांचे नकोत. खाली दोन मुलगे पडले. एक सुमीचा लांबून मामा लागत होता आणि दुसरा अकरावीत होता.

इथे माझ्याकडून एक चूक झाली. बोलता बोलता मी डायन डॉड यांच्या माश्यांची गोष्ट सांगितली. या बाईंचा प्रयोग १९८९ साली छापून आला. एकाच वंशातल्या फळमाश्यांचे वेगवेगळे गट, काही पिष्टावर वाढवलेले, काही माल्टोज नावाच्या साखरेवर. पिढ्या उलटल्यावर सगळ्यांना एकत्र सोडलं, तर पिष्ट खाणाऱ्यांनी बहुतांशी पिष्टवाल्यांशी जोडी जमवली आणि साखरवाल्यांनी साखरवाल्यांशी. कोणी शिकवलं नव्हतं.

भाऊकाका उठून उभे राहिले. "बघा! माशीलासुद्धा कळतं!"

"काका, पुढचं ऐका. वेगवेगळे ठेवलेले पण एकच खाणं खाणारे गट होते ना, त्यांनी एकमेकांना मुळीच नाकारलं नाही. म्हणजे नुसतं वेगळं राहून काही होत नाही. योगायोग एकटा जात घडवतो की त्याला परिस्थितीचा रेटा लागतो, यावर अजून—"

पुढचं त्यांनी ऐकलं नाही. तो मोसम संपेपर्यंत प्रत्येक लग्नात ते मुलीच्या बापाला गाठून सांगत होते की वेगळ्या खाण्यापिण्याच्या घरात मुलगी देऊ नये, हे अमेरिकेत सिद्ध झालंय, आमचे जावई प्राध्यापक आहेत.

सुमीने कोइमतूरचा मुलगा आणला. मुलगा नम्र, उंच, चष्मा लावणारा. आल्याबरोबर पाया पडला. भाऊकाकांनी त्याची करंगळी पाहिली. सरळ होती. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला, "यांच्यात फोडणीला काय घालतात?"

सुमी म्हणाली, "मोहरी. आणि कढीपत्ता."

"रोज?"

"बाबा, चटणीवरसुद्धा."

बराच वेळ पंख्याचाच आवाज येत होता. मग सुमीने माझ्याकडे बोट दाखवलं. "माणसाची जात एकच असते, हे भाऊजींनीच शिकवलंय. परीक्षेत पाच मार्कांना होतं." भाऊकाकांनी माझ्याकडे पाहिलं. शिकवण्याच्या पेशाचे धोके मला त्या दिवशी कळले.

काकांची समजूत काढायला मी रात्री गच्चीवर गेलो आणि दुसरी चूक केली. त्यांना गॅलापागोसची गोष्ट सांगितली. डॅफ्ने मेजर हे तिथलं एक छोटं बेट. पीटर आणि रोझमेरी ग्रँट हे जोडपं १९७३पासून तिथल्या फिंच पक्ष्यांची नोंद ठेवत होतं. १९८१ साली शंभराहून जास्त किलोमीटर लांबच्या बेटावरून एक परका नर येऊन थडकला. अंगाने थोराड, चोच मोठी, गाणं भलतंच. त्याने तिथल्याच एका स्थानिक मादीशी संसार थाटला. त्यांचा वंश वाढला, मग २००३ ते २००५च्या दुष्काळात त्यातले फक्त एक भाऊ आणि एक बहीण उरले. त्या दोघांपासून पुन्हा कुळ उभं राहिलं, आणि आता ते बेटावरच्या बाकीच्यांत मिसळत नाही. २०१७ साली शोधनिबंध आला, की डोळ्यांदेखत नवी जात उभी राहायला लागली, तीही बाहेरून आलेल्या एका पाहुण्यापासून.

भाऊकाका गंभीर झाले. "त्या पाहुण्याच्या पोरांनी गाणं कोणाचं उचललं?"

"बापाचं. त्यांच्यात नर बापाकडूनच शिकतात."

"आईकडचं काहीच नाही?"

"गाणं नाही."

ते कठड्याला धरून खाडीच्या दिशेला बघत राहिले. खाडी तिथून दोनशे किलोमीटरवर आहे. आम्ही डोंबिवलीत होतो.

लग्न झालं. दोन पद्धतींनी झालं, आणि कोइमतूरच्या पंगतीत केळीच्या पानाच्या डाव्या-उजव्या बाजूंवरून तिकडचे एक आजोबा वाढप्याचं मनगट धरून बसलेले मी पाहिले. मी भाऊकाकांना कोपराने खुणावलं. त्यांनी बघितलं, मान हलवली आणि म्हणाले, "माणूस शिस्तीचा दिसतोय." दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. जेवण झाल्यावर दोघे तासभर शेजारी बसले होते.

सुमी आणि जावई न्यू जर्सीला गेले. पहिल्या वर्षी गणपती आणला, आरती सुरू झाली, आणि 'सुखकर्ता'च्या दुसऱ्या कडव्याला छतावरचं धुराचं यंत्र बोंब मारू लागलं. दोघे आणि चार पाहुणे ताट, घंटा, निरांजन, कापूर घेऊन गॅरेजमध्ये पळाले, वरचं मोठं दार उघडलं आणि उरलेली आरती तिथे गाडीशेजारी उभं राहून पुरी केली. पुढच्या वर्षी यंत्राचा धसका म्हणून आधीच गॅरेज. त्याच्या पुढच्या वर्षी गॅरेज झाडून, रांगोळी काढून.

गेल्या गणपतीला भाऊकाकांना व्हिडिओवर आरती दाखवली. नातीला सहा वर्षं झाली आहेत. कोइमतूरच्या आज्जीने सांगितल्याबरहुकूम कोळुकट्टै म्हणजे तिकडचे मोदक होते, मोहरी घातलेले. मोबाइलच्या पडद्यावर मोहरी दिसत नाही हे एक बरं. भाऊकाका आरामखुर्चीत ताठ बसले होते. त्यांनी चष्मा वर केला.

"सुमे, गणपती हॉलमध्ये दिसतोय. मग आरती तिथे का उभं राहून करताय?"

सुमी काही बोलायच्या आत नात पुढे आली. पडद्यावर तिचं अर्धं कपाळ आणि एक डोळा दिसत होता.

"आजोबा, आमच्यात आरती गॅरेजमध्येच करतात."

मी भाऊकाकांकडे बघत होतो. त्यांचे ओठ हलले, थांबले. खुर्चीच्या हातावर करंगळी दोनदा टेकली.

"तोंड कुठल्या दिशेला करून?" त्यांनी विचारलं.

"गाडीकडे."

"गाडी कुठल्या बाजूला उभी असते?"

"डावीकडे."

"डावीकडेच. बरोबर." ते म्हणाले. "बदलायची नाही हं."

फोन ठेवल्यावर त्यांनी मला चहाला थांबायला सांगितलं आणि आत गेले. मी बाहेर पेपर चाळत होतो. थोड्या वेळाने आतून हाक आली, "जावईबापू, गॅरेजमधला ग जोडून काढायचा की नुसता?" मी आत जाऊन बघितलं. लाल वही उघडी होती. क्रमांक चौसष्टचं अक्षर अजून ओलं होतं, आणि तिसरा रकाना त्यांनी आधीच भरून टाकला होता: 'अग्नी मुख्य वास्तूबाहेर असावा. पूर्वजांची दूरदृष्टी.'